मूळ आवाज ठेवून

डीव्हीडी राईट व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याआधीचं काम मात्र महिनोन्महिने चालतं, आणि ते संगणकाचं कमी, घरातल्या माणसांचं जास्त असतं. कुठल्या कॅसेटवर कुठलं लग्न आहे, ते कुठल्या साली झालं, हळदीत मागे उभी असलेली बाई कोणाची कोण, गाणं कोण म्हणतंय, हे सगळं आधी लावून घ्यावं लागतं. मग त्यातलं काय ठेवायचं ते ठरवायचं. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मी आमच्या घरच्या आणि भाऊबंदांच्या कॅसेटी डीव्हीडीवर आणायचं काम करते. ते करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. चित्र खराब असलं तर असू द्यावं, पण मूळ आवाज कापू नये, आणि माणसांची नावं लिहिल्यावाचून एकही फाइल बंद करू नये.

आमचं भेस्तान हे मुंबई-सूरत लाइनवरचं लहान स्टेशन. मुंबईकडून येताना सचिन गेलं की भेस्तान, त्यापुढे उधना. उधन्याला जळगावकडून आलेली तापी लाइन मिळते. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव ही त्या लाइनवरची गावं, आणि त्याच गावांच्या पंचक्रोशीतली माणसं उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात येऊन राहिलेली. कोणी लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करतो, कोणी पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये आहे, कोणी सचिनच्या जीआयडीसीत. सूरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांच्या आहेत, त्यात मराठी एक. त्यातल्याच एका शाळेत मी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत गुजराती नि हिंदी, आणि मराठी माझ्यापाशी.

अशा वस्तीत लग्नाच्या कॅसेटला वेगळं महत्त्व होतं. गावाकडे लग्न निघालं की घरातले सगळे कधीच जाऊ शकत नसत. पाळी बुडाली की त्या दिवसाचा पैसा बुडाला. मग एखादा मोठा माणूस आणि एखादी सून जाऊन यायची, आणि येताना पिशवीत कॅसेट यायची. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्याने आणायचे, चाळीतली खोली माणसांनी भरायची, आणि ज्यांना लग्नाला जाता आलं नव्हतं ते लग्न बघायचे. नवरदेवाकडे कोणाचं फारसं लक्ष नसायचं. ‘आपली माय दिसली का’, ‘तो बघ नाना’, ‘विहिरीजवळचा लिंब तोडला वाटतं’, असं चालायचं. आपल्या गावाची आणि माणसांची ख्यालीखुशाली बघायला लोक त्या कॅसेटी लावत. म्हणून कॅसेटकडे करमणुकीची चीज म्हणून पाहणं मला पटत नाही. ज्यांनी पत्रं लिहिली नाहीत, डायऱ्या ठेवल्या नाहीत, त्यांचा लेखी इतिहास कुठे मिळणार? जो आहे तो एवढाच, आणि तो प्लॅस्टिकच्या डबीत गुंडाळलेल्या अर्ध्या इंच रुंदीच्या फितीवर आहे.

ती फीत सूरतच्या हवेत टिकत नाही. पावसाळ्यात इथे भिंतीसुद्धा ओल धरतात. कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेली व्हीएचएस कॅसेट काढून तिच्या खिडकीतून उजेडात बघितलं, तर गुंडाळीच्या कडेवर पांढरट जाळं दिसतं. ती बुरशी. अशी कॅसेट उत्साहाच्या भरात व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडला चिकटते, फीत ओढली जाते, आणि त्यानंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. मी दारात, मोकळ्या हवेत, तोंडाला कापड बांधून बसते. कॅसेटच्या पाठीवरचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही चक्र्या अलगद उचलायच्या, मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कडा पुसायच्या, फीत हाताने हळूहळू फिरवत न्यायची. एका कॅसेटला सकाळ जाते. ज्या चक्रीवर चिकटपणा जाणवतो तिथे जोर करायचा नाही, नाहीतर फितीवरचा तपकिरी थरच निघून येतो, आणि त्या थरातच तर चित्र आहे.

पुराची गोष्ट वेगळीच. २००६च्या ऑगस्टात उकाई धरणातून पाणी सोडलं, तापीचा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला आणि सूरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अडाजणला तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या मामेसासऱ्यांच्या घरात पाणी छतापाशी पोचलं होतं. ओसरल्यावर गाद्या, धान्य, वह्या-पुस्तकं यांच्या गाळाने भरलेल्या ढिगात कॅसेटींची पत्र्याची पेटीही रस्त्यावर टाकली गेली. तेव्हा पोटाची चिंता होती, कॅसेटची कोण करणार? त्या पेटीतली तीन लग्नं आणि एक कानबाईचा सण आता फक्त सांगण्यात उरली आहेत.

जी वाचली त्यांतली सगळ्यात जुनी आमच्याकडे आहे ती १९९४च्या तुळशीच्या लग्नानंतरची, चुलत सासऱ्यांच्या लग्नाची, अमळनेर तालुक्यातल्या गावी झालेली. त्या वर्षी सप्टेंबरात सूरतला प्लेगची साथ आली होती आणि लाखो माणसांनी शहर सोडलं होतं. तापी लाइनच्या गाड्यांना माणसं लटकून गेली. जे गावी गेले त्यातले बरेच दिवाळी होऊन गेली तरी परतले नव्हते, म्हणून त्या लग्नाला कधी नव्हे ती एवढी गर्दी. शूटिंगवाला खांद्यावरचा कॅमेरा घेऊन फिरतोय, मागून एक पोरगा हॅलोजनचा दिवा उंच धरून वायर ओढत चाललाय. चित्र थरथरतं, रंग लालसर फुटलेले. मिक्सिंगचे पैसे वाचवायला सासऱ्यांनी शूटिंगवाल्याकडून जशी होती तशी कॅसेट आणली होती. त्यामुळे तिच्यावर ना फिरणाऱ्या चौकटी, ना बदामाच्या आकारात उघडणारं चित्र, ना सिनेमाची गाणी. आहे तो तीन तासांचा सलग आवाज. पंगतीचं दृश्य चालू आहे, कॅमेरा वाढप्याच्या मागे गेलेला आहे, आणि चित्रात न दिसणारे दोन पुरुष जवळच कुठेतरी बोलताहेत. एक विचारतो, “खातं सुरू व्हयनं का?” दुसरा सांगतो की शेठचा निरोप आला आहे, पण घरचे सोडत नाहीत. पहिला काही वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो की इथे बसून तरी काय खायचं. प्लेगवर वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली, पण सूरतला परतावं की नाही याचा एका लूम कामगाराच्या तोंडचा विचार माझ्या माहितीत एवढाच, आणि तो वरणाच्या बादलीच्या आवाजासकट आहे.

आता माझ्या स्वतःच्या लग्नाचं सांगते. ते २००३ साली झालं. तोवर मिनीडीव्ही कॅसेट आली होती, चित्र स्वच्छ, रंग खरे. मिक्सिंग लॅबमध्ये संगणकावर व्हायला लागलं होतं. आमच्या शूटिंगवाल्याने मिक्सिंग केलं ते त्या काळाच्या रीतीप्रमाणे. आवाज बंद, त्यावर गाणी. हळदीवर एक गाणं, वरातीवर दुसरं, मंगलाष्टकांचा कुठे थोडासा तुकडा. पाठवणीच्या वेळी माझे वडील गाडीच्या खिडकीपाशी वाकून मला काहीतरी सांगताहेत. त्यांचे ओठ हलताना दिसतात, बराच वेळ दिसतात, आणि त्यावर सिनेमातल्या लेकीच्या पाठवणीचं गाणं आहे. ते काय म्हणाले ते मला त्या गोंधळात नीट ऐकूच आलं नव्हतं. वडील आता नाहीत. पुढे रॉ कॅसेट मिळेल का म्हणून विचारलं तेव्हा कळलं की तिच्यावर लगेच दुसऱ्या लग्नाचं शूटिंग झालं होतं. कॅसेट महाग, ग्राहकाला रॉ कधीच लागत नाही, तेव्हा सगळेच तसं करत. एका गरीब घराच्या खर्च वाचवण्याने १९९४चं लग्न बोलतं राहिलं आणि हौसेने, पैसे मोजून केलेलं माझं लग्न मुकं झालं.

तेव्हापासून आवाजाच्या बाबतीत मी हट्टी आहे. लग्नात आहेर चालू असताना माइकवर एक जण पुकारत असतो, अमुक गावचे अमुक पाटील यांच्याकडून एकशे एक रुपये, तमुक गावच्या आत्याबाईंकडून पातळ. मिक्सिंगवाला हा भाग पहिल्यांदा कापतो, कारण बघायला काही नसतं. एक टेबल, एक वही, नोटा घेणारा हात. पण ऐकायला त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. माणसाचं पूर्ण नाव, गाव, नातं, काय दिलं, आणि हे सगळं अर्धा-पाऊण तास एका सुरात. आमच्या भाऊबंदकीची वंशावळ मी बरीचशी त्या पुकारण्यावरून जुळवली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर म्हणतात ती गाणी, हळदीच्या वेळी बायका म्हणतात ती, त्यातली कितीतरी आता कोणाला येत नाहीत. ती म्हणणाऱ्या बायकांचे चेहरे कॅसेटवर आहेत. सूर असेल तरच त्या चेहऱ्यांचा उपयोग.

खान्देशच्या माणसाला एडिटिंग परकं नव्हतं, हेही सांगायला हवं. मालेगाव हे तर लूमचंच गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने दोन व्हीसीआर जोडून चित्रं कापायची-जोडायची विद्या स्वतःच शिकून घेतली आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. सायकलीवर कॅमेरा ठेवून ट्रॉली, बैलगाडीचा दांडा उचलून क्रेन. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हे सगळं दिसतं. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक शेख लूम कामगार होता. त्यानंतर खान्देशी विनोदी व्हीसीडींची जी लाट आली ती आमच्या भेस्तान-लिंबायतपर्यंत पोचली. पानटपरीवर, मोबाइल रिचार्जच्या दुकानात त्या मिळायच्या. दिवसभर धोटा बघणारी माणसं रात्री कॅमेरा हातात घेऊन स्वतःचं चित्र उभं करू शकतात, हे त्या लोकांनी दाखवलं. आमच्या घरातलं एडिटिंगही त्याच हवेत वाढलं. माझा धाकटा दीर उधन्याला एका मिक्सिंग लॅबमध्ये एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर बसायचा, आणि मला जे काही येतं ते त्याच्या शेजारी बसून आलेलं आहे.

त्याने मला पहिली गोष्ट शिकवली ती फोल्डर लावायची. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र नसतंच. कुठल्या क्लिपचा कुठला तुकडा कुठे घ्यायचा याची नोंद तेवढी असते. क्लिपा डेस्कटॉपवर, गाणी पेनड्राइव्हवर, फोटो तिसरीकडे, असं ठेवून काम केलं आणि नंतर एखादा फोल्डर हलवला, की प्रोजेक्ट उघडतो पण आत काळे चौकोन असतात. लॅबमध्ये असे महिन्याभराच्या कामाचे काळे चौकोन झालेले त्याने पाहिले होते. म्हणून आमच्याकडे एका प्रसंगाचा एकच फोल्डर, आणि त्या प्रसंगाचं जे जे काही असेल ते त्याच्याच पोटात. कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल वेगळ्या उपफोल्डरात, आणि तिला कधी हात लावायचा नाही. प्रोजेक्ट, नावांच्या पाट्या, फोटो, तयार झालेली डीव्हीडीची प्रतिमा, यांचे आपापले कप्पे. फोल्डरच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग गाव, म्हणजे संगणक आपोआप कालक्रम लावतो. जुनी सॉफ्टवेअरं देवनागरी नावाला अडखळतात, म्हणून फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि माणसांची यादी सोबतच्या मराठी फाइलीत.

व्हीएचएसवरचं आणि मिनीडीव्हीवरचं एकाच प्रोजेक्टमध्ये घालायचं नाही, हा दुसरा नियम. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. मिनीडीव्हीत खालची ओळ आधी येते. कॅप्चर कार्डाने घेतलेल्या व्हीएचएसमध्ये बहुधा वरची. हा क्रम उलटसुलट झाला तर उभी माणसं ठीक दिसतात, पण कोणी नाचायला लागलं की पुढे-मागे झटके बसतात. वरात बघवत नाही.

कॅसेट संगणकावर उतरवताना घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. पूर्वी दिराच्या ८० जीबीच्या हार्ड डिस्कवर मिनीडीव्हीच्या पाच-सहा कॅसेटी आल्या की जागा संपायची, कारण एक तासाला १३ जीबी लागतात. मला मात्र हे तीन तास फार प्रिय आहेत. तेवढा वेळ सासूबाई शेजारी बसतात. त्यांना आम्ही आई म्हणतो. आईंना संगणकाशी देणंघेणं नाही, पण चेहऱ्याशी आहे. पहिल्या दिवशी त्या पाच मिनिटं बसून उठतील असं वाटलं होतं. त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत. मी वहीत वेळ लिहिते, त्या नाव सांगतात. कानबाईच्या कॅसेटचं उदाहरण देते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नारळाला नथ-दागिने घालून सजवतात, भाऊबंदांच्या सगळ्या घरांचे रोट एकत्र होतात, आणि सोमवारी विसर्जन. त्या दिवशी एरवी कॅमेऱ्यासमोर न येणारे सगळे समोर येतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत कडेला एक बाई पाठमोरी चालली आहे, चेहरा दिसतच नाही. आई पुढे झुकल्या. “हाई कोन शे व?” त्यांनी स्वतःलाच विचारलं. कॅसेट थांबवली, मागे नेली, परत लावली. मग त्या म्हणाल्या की ही आपल्या थोरल्या आत्याबाईंची सून, डावा पाय किंचित ओढते ती, नववारीचा काष्टा हिच्यासारखा घट्ट कोणी घालत नसे. ही बाई १९९९मध्येच वारली, तिचा एकही फोटो त्यांच्या घरात नाही. तिचा मुलगा सचिनला राहतो. त्या सात सेकंदांसाठी त्याला डीव्हीडी द्यायची होती, आणि डीव्हीडीत तेवढा भाग मी हळू करून, पाटीवर नाव टाकून लावला. एरवी असे प्रयोग मी करत नाही.

आता जागेचा प्रश्न. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तिच्यावर तासाभराचं चित्र घेतलं तर ते डीव्हीडीला पेलेल तितक्या उत्तम प्रतीचं राहतं. दोन तास घेतले तर सेकंदाला साधारण पाच मेगाबिट वाट्याला येतात, तेही चांगलंच. तीन तास कोंबले की साडेतीनच्या आत यावं लागतं, आणि मग हळदीच्या पिवळ्या रंगात, नाचणाऱ्यांच्या पायात, अक्षतांच्या उधळणीत चौकोन दिसायला लागतात. आवाज डॉल्बीत घेतला तर फार थोडी जागा खातो, म्हणून आवाजावर काटकसर करायचं कारणच उरत नाही. मी लग्नाच्या दोन डीव्हीडी करते. पहिली सगळ्यांनी बसून बघायची, दीड तासाची, निवडलेली. दुसरीवर आहेर, पंगत, गाणी, रिकामा मांडव, जे मिक्सिंगवाल्याने कापलं असतं ते सगळं, धड्यांची पाटी लावून, आवाजासकट. नातेवाईक सुरुवातीला पहिलीच मागतात. काही महिन्यांनी एखादा फोन येतो की दुसरीवर आमच्या अण्णांचं बोलणं आहे म्हणे, ती पाठवा.

डीव्हीडीच्या रचनेत एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिच्यावर व्हिडिओ टीएस नावाच्या फोल्डरात चित्राच्या एकेक जीबीपर्यंतच्या फाइली असतात आणि त्यांची अनुक्रमणिका सांगणारी एक लहान फाइल असते. त्या अनुक्रमणिकेची दुसरी प्रत त्याच तबकडीवर वेगळ्या जागी ठेवलेली असते, म्हणजे ओरखडा पडून एक गेली तरी दुसरी वाचावी. डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली, ती बनवणाऱ्यांनी चित्राआधी यादीची काळजी घेतली. आमच्या नावांच्या वहीच्याही आता दोन प्रती आहेत, एक भेस्तानला आणि एक गावी.

आजच्या काळात डीव्हीडी कशाला, हे मला माझे विद्यार्थीही विचारतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चित्राचा आकार आक्रसून जातो आणि फोन बदलला की ते जातं. पेनड्राइव्ह घरातल्या कोणाला तरी गाण्यांसाठी लागतो आणि मग त्यावरचं लग्न पुसलं जातं. एकदा राईट केलेल्या डीव्हीडीवर दुसरं काही लिहिता येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. शिवाय सत्तरीच्या पुढच्या माणसाला रिमोटचं एक बटण दाबून ती बघता येते. पण तिच्यावर डोळे मिटून विसंबूही नये. राईट केलेल्या तबकडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि ऊन-उकाड्याने तो थर उतरतो. पत्र्याच्या छताखाली, टीव्हीच्या वर, एकावर एक रचून ठेवलेल्या डीव्हीडी आमच्या भागात पटापट गेल्या. त्या डबीत उभ्या ठेवाव्यात, वर चिकटपट्टी लावू नये, पाण्याच्या शाईच्या पेनने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने २००३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलं आहे. राईट करताना वेग कमी ठेवावा, नंतर पूर्ण तपासून बघावी. आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवावी. डीव्हीडी वाटण्यासाठी, हार्ड डिस्क जपण्यासाठी.

हे सगळं आत्ताच करायला हवं, कारण यंत्रं संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत शेवटचा व्हीसीआर बनवला. आपल्याकडे घरोघर ज्यांच्या कोऱ्या सीडी-डीव्हीडी असायच्या त्या नोएडाच्या मोझर बेअरचं २०१८मध्ये दिवाळं वाजलं. २०२५च्या फेब्रुवारीत सोनीने मिनीडीव्ही कॅसेटचं उत्पादन थांबवलं. सूरतला व्हीसीआर दुरुस्त करणारे शोधून सापडतात, पण त्यांना हेड मिळत नाही. जुन्या मशीनचं काढून दुसऱ्याला बसवतात. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी रायटर येत नाही, बाहेरून जोडायचा लागतो, तो अजून मिळतो.

यंत्रांपेक्षा माणसांची घाई जास्त आहे. व्हीसीआर नसला तर दुसऱ्या गावी नेऊन कॅसेट उतरवता येईल, पण आईंच्या वयाची माणसं गेल्यावर पाठमोऱ्या चालणाऱ्या बाईला कोणी ओळखणार नाही. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. लग्नाचं शूटिंग आज करत असाल तर शूटिंगवाल्याला आधीच सांगा की रॉ फाइली आमच्या हवाली करायच्या, त्यासाठी हार्ड डिस्क आम्ही देतो. गाणी घालायची तर वेगळ्या प्रतीत घाला, मूळ आवाज बंद करू नका, आणि आहेर पुकारणाऱ्यापाशी एक माइक नक्की ठेवा. आणि घरात जुन्या कॅसेटी असतील तर येत्या कानबाईला, भाऊबंद जमलेले असतील तेव्हा, त्या बाहेर काढा. लावायला यंत्र नसलं तरी चालेल. डबीवर काय लिहिलंय ते मोठ्यांना वाचून दाखवा, कोणाचं लग्न, कोण कोण आलं होतं, गाणी कोणी म्हटली ते विचारा, आणि उत्तरं दोन वह्यांत उतरवून घ्या.